नेपाळ : संसदेत एक तृतीयांश स्त्रिया असूनही पहिली खुर्ची त्यांच्या वाट्याला का येत नाही?

विद्यार्थिनी_राज्यशास्त्र

नमस्कार. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मी सशस्त्र संघर्षातून बाहेर पडलेल्या देशांतील स्त्रियांच्या राजकीय सहभागावर प्रबंधिका लिहीत आहे आणि त्यासाठी नेपाळ हा देश निवडला आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये सुरू झालेला माओवादी संघर्ष २१ नोव्हेंबर २००६ च्या सर्वसमावेशक शांतता कराराने संपला, आणि त्यानंतर दीड वर्षाच्या आतच, एप्रिल २००८ मध्ये निवडल्या गेलेल्या ६०१ सदस्यांच्या संविधान सभेत १९७ स्त्रिया होत्या. दक्षिण आशियात तोवर असे कोठेही घडले नव्हते.

माझी अडचण यापुढची आहे. २०१५ च्या संविधानाने हे एक तृतीयांशाचे प्रमाण कायमचे बांधून दिले आणि ते पाळलेही जाते. २०२२ च्या निवडणुकीनंतर २७५ सदस्यांच्या प्रतिनिधी सभेत (संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) ९१ स्त्रिया होत्या. परंतु थेट मतदारसंघांतील १६५ जागांपैकी स्त्रियांनी जिंकलेल्या जागा केवळ ९ होत्या. उरलेल्या सर्व जणी समानुपातिक यादीतून, म्हणजे पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात ज्या यादीतून जागा भरल्या जातात तीतून, आल्या. माझ्या मार्गदर्शकांच्या मते एक तृतीयांशाची अट थेट उमेदवारीलाही लावली की प्रश्न सुटेल. मला तसे ठामपणे वाटत नाही, कारण तशी अट आली तर पक्ष हमखास पडणाऱ्या जागाच स्त्रियांना देतील अशी शंका येते. नेपाळच्या अनुभवातून या दोहोंपैकी कोणत्या मताला आधार मिळतो, आणि हा केवळ उमेदवारीचा प्रश्न आहे की आणखी काही, याविषयी जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

---

कलम_आणि_पोटकलम

आपण दिलेले आकडे बरोबर आहेत, पण ते तसे का आले हे संविधानाच्या मजकुरातच दडलेले आहे. कलम ८४ (८) ची भाषा नीट वाचावी. संघीय संसदेत निवडून आलेल्या प्रत्येक पक्षाच्या एकूण सदस्यांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत, असे ते म्हणते, आणि थेट जागांवर व राष्ट्रीय सभेत (वरिष्ठ सभागृहात) मिळून तेवढ्या स्त्रिया निवडून आल्या नाहीत, तर ती तूट पक्षाने समानुपातिक यादीतून भरून काढावी, असेही तेथेच सांगते. पक्षनेत्यांनी या वाक्याचा अर्थ फार लवकर ओळखला. तूट भरून काढण्याची सोय असेल, तर तूट पडू न देण्याची काळजी कोण घेईल? थेट जागा पुरुषांना वाटून टाकायच्या आणि हिशेब ११० समानुपातिक जागांवर जुळवायचा, ही रीतच पडून गेली. २०१७ मध्ये थेट जागांवर केवळ ६ स्त्रिया निवडून आल्या, तरी सभागृहात त्यांची एकूण संख्या ९० होती. पाच वर्षांनी थेट विजयी स्त्रिया ६ वरून ९ वर गेल्या, पण एकूण संख्या ९० वरून ९१ झाली. संख्येचे छत आणि तळ एकाच उंचीवर आहेत, असे त्याचे वर्णन करता येईल.

समानुपातिक सदस्य कायद्याने कोणत्याही बाबतीत कमी नसतो; त्याचे मत तेवढेच, भाषणाचा अधिकारही तेवढाच. फरक सभागृहाबाहेर पडतो. त्याला मतदारसंघ नसतो, त्यामुळे गावागावांत नाव घेणारी कार्यकर्त्यांची फळी उभी राहत नाही, आणि पुढील वेळी यादीत नाव राहील की नाही हे ज्याने यादी केली त्याच्या मर्जीवर असते. अशा सदस्येने पक्षनेतृत्वाविरुद्ध तोंड उघडावे अशी अपेक्षा करणे म्हणजे भाडेकरूने घरमालकाच्या दारात उपोषणाला बसावे अशी अपेक्षा करण्यासारखे आहे.

याचा पुरावा संविधानातच आहे. पहिल्या संविधान सभेत पक्षभेद विसरून स्त्री सदस्यांचा एक संयुक्त गट काम करीत होता, आणि दुसऱ्या संविधान सभेतही सुमारे तीस टक्के स्त्रिया होत्या. तरीही २० सप्टेंबर २०१५ रोजी जे संविधान जारी झाले, त्याच्या कलम ११ मध्ये नागरिकत्वाबाबत आई आणि बाप यांना समान मानलेले नाही. नेपाळी पुरुषाशी विवाह केलेल्या परदेशी स्त्रीला नागरिकत्व मिळण्याचा मार्ग तेथे दिलेला आहे. नेपाळी स्त्रीच्या परदेशी पतीसाठी तसा मार्ग नाही, आणि त्यांच्या अपत्याला वंशजाच्या नात्याने नव्हे तर अंगीकृत (अर्ज करून मिळणारे) नागरिकत्वच मिळू शकते. सुमारे पावणेदोनशे स्त्रिया सभागृहात असताना हे घडले. त्या विरोधात बोलल्या नाहीत असे नाही, परंतु पक्षादेशापुढे त्यांच्या संख्येचे काही चालले नाही.

---

डोंगरवाटा

मला वाटते की चर्चा संविधानापासून सुरू केली की अर्धी गोष्ट सुटून जाते. एक तृतीयांशाची मागणी आकाशातून पडलेली नव्हती. राजाच्या थेट राजवटीविरुद्धच्या लोकआंदोलनानंतर पुनर्स्थापित झालेल्या प्रतिनिधी सभेने ३० मे २००६ रोजी राज्याच्या सर्व अंगांत स्त्रियांसाठी ३३ टक्क्यांचा ठराव संमत केला, आणि त्यामागे दहा वर्षांच्या युद्धाचे ओझे होते. माओवाद्यांच्या फौजेत स्त्रियांची संख्या मोठी होती. संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीनंतर जे १९,६०२ लढवय्ये ग्राह्य ठरले, त्यांत ३,८४६ स्त्रिया होत्या. ज्या गावांतून पुरुष भूमिगत झाले किंवा परदेशी मजुरीला गेले, तेथे नांगरापासून प्रेतसंस्कारापर्यंतची कामे स्त्रियांनी अंगावर घेतली. रूढीने ज्याला मनाई केली होती ते त्या करू लागल्या, आणि कोणाला हरकत घेण्याची सवड राहिली नाही.

आता दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. २००८ मध्ये २४० थेट जागांपैकी ३० जागा स्त्रियांनी जिंकल्या आणि त्यांतील २४ एकट्या माओवादी पक्षाच्या होत्या. म्हणजे त्या पक्षाने स्त्रियांना जिंकण्याजोग्या जागा दिल्या होत्या, आणि मतदारांनी त्या स्त्रियांना मते दिली होती. पाच वर्षांनी, २०१३ मध्ये, तेवढ्याच २४० जागांवर केवळ १० स्त्रिया निवडून आल्या. मतदार पाच वर्षांत एवढे बदलले असे मला वाटत नाही. बदलला तो पक्ष. बंडखोर संघटना सत्ताधारी पक्ष झाली की तिला ठेकेदार, जिल्ह्यातील मातब्बर आणि जुने वैरी यांना सांभाळून घ्यावे लागते, आणि ती मंडळी बहुतांशी पुरुष असतात. (त्या वर्षी माओवादी पक्षाचाच मोठा पराभव झाला हेही या घसरणीचे एक कारण आहे, ते नाकारण्याचा हेतू नाही. मात्र अन्य पक्षांनी ती जागा भरून काढली नाही.)

आणि ज्या स्त्रिया बंदूक घेऊन लढल्या त्यांचे काय झाले? वर्षानुवर्षे छावण्यांत राहून, तेथेच लग्ने करून, मुलांना जन्म देऊन २०१२ पर्यंत बहुतेक जणींनी ऐच्छिक निवृत्तीचा पर्याय स्वीकारला आणि ५ ते ८ लाख नेपाळी रुपये घेऊन त्या घरी परतल्या. नेपाळी सैन्यात सामावून घेतले गेले ते सुमारे १,४०० जण, आणि त्यांत स्त्रिया अगदीच थोड्या होत्या. ज्या घरी परतल्या, त्यांच्यापैकी अनेकींचा विवाह आंतरजातीय होता, त्यामुळे सासर आणि माहेर दोन्ही दारे अर्धीच उघडी होती. राजकीय नेतृत्वासाठी याहून चांगली तयारी झालेला स्त्रियांचा समूह नेपाळमध्ये दुसरा नव्हता, आणि देशाने तो विखरू दिला. रोल्पाच्या ओनसरी घर्ती मगर या माजी लढवय्या ऑक्टोबर २०१५ मध्ये तेव्हा प्रतिनिधी सभेच्या जागी काम करणाऱ्या व्यवस्थापिका संसदेच्या सभापती झाल्या, तेव्हा त्यांच्याकडे बोट दाखवून सर्वांनी समाधान मानले. त्या एकट्या होत्या, हे कोणी म्हटले नाही.

ज्या करारामुळे हे सर्व सुरू झाले, त्याच्या वाटाघाटीच्या मेजावर दोन्ही बाजूंनी एकही स्त्री नव्हती, एवढे आपल्या निबंधात अवश्य यावे.

---

वडा_क्रमांक_सात

वरील दोन्ही उत्तरे काठमांडूच्या उंचीवरून लिहिलेली आहेत, म्हणून खालून थोडे लिहितो. नेपाळमधील काही नगरपालिकांत मी कामानिमित्त वारंवार गेलो आहे आणि माझा अनुभव असा आहे की स्त्रियांच्या नेतृत्वाची खरी परीक्षा स्थानिक पातळीवर चालू आहे.

१९९७ नंतर तब्बल वीस वर्षे नेपाळमध्ये स्थानिक निवडणुका झाल्याच नव्हत्या. २०१७ मध्ये त्या तीन टप्प्यांत झाल्या तेव्हा ७५३ स्थानिक संस्था आणि ६,७४३ वॉर्ड (तेथील शब्द वडा) अस्तित्वात आले होते. प्रत्येक वॉर्डातील चार सदस्यांपैकी दोन स्त्रिया आणि त्यांपैकी एक दलित स्त्री असणे बंधनकारक होते. त्याशिवाय जो पक्ष प्रमुख आणि उपप्रमुख (ग्रामीण संस्थांत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष) या दोन्ही पदांसाठी उमेदवार देईल, त्याने त्यांपैकी एक स्त्री दिली पाहिजे, अशी अट होती. परिणाम असा झाला की निवडून आलेल्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर गेले. ६,५६७ दलित स्त्रिया वॉर्ड सदस्य झाल्या. १७६ वॉर्डांत उमेदवारच न मिळाल्याने ती जागा रिकामी राहिली. ज्या समाजात दलित स्त्रीला सार्वजनिक पाणवठ्यावर उभे राहू दिले जात नसे, तेथे ती वॉर्डाच्या बैठकीत खुर्चीवर बसते, ही गोष्ट कोणत्याही टक्केवारीपेक्षा मोठी आहे, आणि तिला बैठकीची सूचनाच वेळेवर दिली जात नाही, हेही तितकेच खरे आहे.

परंतु वरच्या खुर्चीकडे पाहा. दोहोंपैकी एक स्त्री, या अटीचे पालन करताना पक्षांनी जवळजवळ सर्वत्र पुरुषाला प्रमुख आणि स्त्रीला उपप्रमुख केले. सुमारे ७०० उपप्रमुख व उपाध्यक्ष स्त्रिया झाल्या, आणि प्रमुख व अध्यक्ष मात्र केवळ १८.

आता थोडे उलट बाजूने. उपप्रमुखपद नुसते शोभेचे नाही. संविधानाच्या कलम २१७ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत तीन सदस्यांची न्यायिक समिती असते आणि तिचे संयोजकपद उपप्रमुखाकडे असते. बांध, पाट, थकलेली मजुरी, म्हाताऱ्या आईवडिलांचा सांभाळ, बायकोमुलांची पोटगी अशी प्रकरणे या समितीपुढे येतात. काहींत ती निर्णय देऊ शकते, तर घटस्फोटासारख्या बाबींत केवळ मध्यस्थी घडवू शकते. अर्थसंकल्प आखणाऱ्या समितीचे आणि कामांच्या देखरेखीचे काम उपप्रमुखाकडेच असते. कायदा न शिकलेल्या, कधी कधी शाळाही पुरी न केलेल्या स्त्रिया अचानक न्यायासनावर बसल्या. पहिल्या वर्षी त्यांची फार थट्टा झाली. मी पाहिलेल्या एका समितीत संयोजक बाई निकाल लिहिण्याआधी दोन्ही पक्षांना शेतावर नेऊन बांध पायाने मोजायला लावीत. आणि पाच वर्षांत त्यांच्याकडे येणाऱ्या स्त्रियांची रांग पोलीस चौकीपेक्षा मोठी झाली, कारण चौकीत नवऱ्याविरुद्ध बोलताना ज्या संकोच करीत त्या येथे मोकळेपणी बोलत.

स्वाभाविकपणे २०२२ मध्ये यांपैकी अनेक जणींनी प्रमुखपदाची उमेदवारी मागितली. पाच वर्षे अर्थसंकल्प आखला, वाद मिटवले, आता पहिली खुर्ची द्या, असे त्यांचे म्हणणे होते. उमेदवारी फार थोड्यांना मिळाली. त्याहून वाईट असे घडले की त्या वर्षी सत्ताधारी पक्षांनी आघाडी केली, आणि बऱ्याच ठिकाणी एका पक्षाने प्रमुखपद घेतले तर दुसऱ्याने उपप्रमुखपद. कोणत्याच पक्षाचे दोन उमेदवार नाहीत, त्यामुळे एक स्त्री देण्याची अटच लागू होत नाही. दोन्ही पुरुष. उपप्रमुख स्त्रियांची संख्या सातशेवरून सहाशेच्याही खाली आली. प्रमुख आणि अध्यक्ष स्त्रिया १८ वरून २५ झाल्या, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब. मात्र त्यांतील सर्वाधिक चर्चा झालेल्या भरतपूरच्या महापौरपदी निवडून आलेल्या रेणू दाहाल या माओवादी नेते प्रचंड यांच्या कन्या आहेत, हे विसरता येत नाही. त्या कर्तबगार नाहीत असे मी म्हणत नाही. घराण्याचे पाठबळ नसलेल्या उपप्रमुखांना जी उमेदवारी नाकारली गेली, ती त्यांना दोनदा मिळाली, एवढेच.

---

तिसरी_बाजू

माझे मत थोडे वेगळे आहे. आपण सर्व जण स्त्रियांची संख्या आणि स्त्रियांची सत्ता यांत नैसर्गिक नाते असल्याचे गृहीत धरून ते नेपाळमध्ये तुटले म्हणून हळहळत आहोत. असे नाते इतरत्र तरी कोठे आहे?

रवांडाचे उदाहरण या विषयावर नेहमी दिले जाते. १९९४ च्या नरसंहारानंतर २००३ च्या संविधानाने स्त्रियांसाठी किमान ३० टक्क्यांची हमी दिली आणि २०१३ मध्ये कनिष्ठ सभागृहात ६४ टक्क्यांच्या जवळपास स्त्रिया आल्या. जगात असे दुसरे सभागृह नव्हते. पण ज्या देशात एकाच पक्षाची आणि एकाच नेत्याची पकड आहे, तेथील संसदेत कोण बसते याने निर्णय बदलत नाहीत. लायबेरियात नेमके उलटे झाले. तेथे २००३ मध्ये अक्रा येथील वाटाघाटींच्या दालनाबाहेर स्त्रियांनी ठिय्या देऊन पुरुष प्रतिनिधींना करार झाल्याशिवाय बाहेर पडू देणार नाही असे बजावले, आणि २००६ च्या जानेवारीत एलेन जॉन्सन सरलीफ आफ्रिका खंडातील पहिल्या निर्वाचित स्त्री राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांनी बारा वर्षे राज्य केले, तरीही बंधनकारक आरक्षणाच्या अभावी लायबेरियाच्या संसदेतील स्त्रियांचे प्रमाण तोकडेच राहिले.

नेपाळमध्येही शिखरावर स्त्रिया आल्याच. २०१६ मध्ये एकाच वेळी राष्ट्रपती विद्यादेवी भंडारी, सभापती घर्ती मगर आणि सरन्यायाधीश सुशीला कार्की अशा तीन स्त्रिया तीन सर्वोच्च पदांवर होत्या. पुढे भंडारी यांनी पंतप्रधान ओली यांच्या शिफारशीवरून डिसेंबर २०२० आणि मे २०२१ मध्ये दोनदा प्रतिनिधी सभा विसर्जित केली आणि दोन्ही वेळा सर्वोच्च न्यायालयाने ती पुनर्स्थापित केली. सप्टेंबर २०२५ मधील तरुणांच्या आंदोलनानंतर कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या, नेपाळच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान. पण त्या कोणत्याही पक्षाच्या शिडीवरून तेथे पोहोचल्या नव्हत्या. पक्षांच्या शिडीवरून कोणतीही स्त्री अद्याप त्या खुर्चीपर्यंत गेलेली नाही. म्हणून मला वाटते की आपण संसदेचे आकडे मोजणे सोडून पक्षांच्या केंद्रीय समित्या मोजाव्यात. २०१७ च्या राजकीय पक्षविषयक कायद्याने पक्षाच्या प्रत्येक पातळीवरील समितीत एक तृतीयांश स्त्रिया अनिवार्य केल्या आहेत. ती अट मोठ्या पक्षांनी कशी टोलवली, यावर एक स्वतंत्र प्रकरण होईल.

---

विद्यार्थिनी_राज्यशास्त्र

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाचताना एक गोष्ट लक्षात आली ती बरोबर आहे का, हे विचारावेसे वाटते. प्रमुख आणि उपप्रमुख यांच्या जोडीत जे झाले, तेच अन्यत्रही झाले आहे काय? म्हणजे कायदा जेथे जेथे 'दोहोंपैकी एक स्त्री' असे म्हणतो, तेथे स्त्रीला दुसरीच जागा मिळते, असे म्हणता येईल का? आणि पैशाचा मुद्दा कोणीच मांडला नाही, त्याविषयीही एखादे वाक्य चालेल.

---

कलम_आणि_पोटकलम

आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. संविधानाच्या कलम ९१ नुसार सभापती आणि उपसभापती यांपैकी एक स्त्री असावी आणि दोघे वेगवेगळ्या पक्षांचे असावेत. २०१८ मध्ये सभापती कृष्णबहादुर महरा आणि उपसभापती शिवमाया तुम्बाहाम्फे झाल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये महरा यांना राजीनामा द्यावा लागला, तेव्हा सभागृह चालवण्याचा अनुभव असलेल्या तुम्बाहाम्फे यांनी सभापतिपदावर दावा सांगितला. पक्षाला तेथे दुसरा पुरुष बसवायचा होता. दोन कम्युनिस्ट पक्ष एक झाल्यामुळे सभापती आणि उपसभापती एकाच पक्षाचे होऊ शकत नव्हते, म्हणून वाट मोकळी करण्यासाठी जानेवारी २०२० मध्ये राजीनामा द्यावा लागला तो तुम्बाहाम्फे यांना. अग्नि सापकोटा सभापती झाले, आणि त्यानंतर त्या सभागृहाची मुदत संपेपर्यंत उपसभापतिपद रिकामेच राहिले. स्त्रियांना जागा मिळावी म्हणून लिहिलेल्या कलमाचा उपयोग एका स्त्रीला जागेवरून उठवण्यासाठी झाला.

राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्याबाबत कलम ७० आणखी सैल आहे, कारण ते 'भिन्न लिंग किंवा समुदाय' असे म्हणते. त्या 'किंवा'मुळे २०२३ पासून दोन्ही पदांवर पुरुष आहेत : रामचंद्र पौडेल पहाडी समाजाचे आणि रामसहाय प्रसाद यादव मधेशी, म्हणजे दक्षिणेकडील सखल प्रदेशातील समाजाचे.

पैशाविषयी : स्त्री उमेदवारांना अनामत रकमेत निम्मी सवलत आहे, पण प्रतिनिधी सभेसाठी अनामत होती १० हजार नेपाळी रुपये आणि २०२२ मध्ये खर्चाची अधिकृत कमाल मर्यादा मतदारसंघानुसार २५ ते ३३ लाखांपर्यंत होती. पाच हजारांची सवलत कोणाच्याही निर्णयात फरक पाडत नाही. जमीन बहुतांशी पुरुषांच्या नावावर असलेल्या देशात कर्ज काढून निवडणूक लढवणेही स्त्रीला अवघड जाते.

आपल्या मार्गदर्शकांच्या मताला मी पाठिंबा देईन, मात्र दोन दुरुस्त्यांसह. थेट उमेदवारीतील एक तृतीयांश हा देशभर मिळून न मोजता, पक्षाने मागील निवडणुकीत जिंकलेल्या जागांमध्ये स्वतंत्रपणे मोजावा. म्हणजे पडणाऱ्या जागांची आपली शंका बऱ्याच अंशी मिटते. आणि आघाडी केलेल्या पक्षांना उमेदवारीपुरते एकच पक्ष मानावे. दुसरी दुरुस्ती निवडणूक कायद्यात एका वाक्याने होऊ शकते, तिच्यासाठी संविधानाला हात लावावा लागत नाही.

---

वडा_क्रमांक_सात

तिसरी दुरुस्ती माझ्याकडून. स्थानिक संस्थांत प्रमुखपदच ठराविक मुदतीने फिरते राखीव ठेवावे, जोडीची अट काढून टाकली तरी चालेल. उपप्रमुखपदी काम केलेल्या शेकडो स्त्रिया आज घरी बसल्या आहेत आणि त्यांना अर्थसंकल्पाची वही कशी वाचायची हे नव्याने शिकवावे लागणार नाही. निबंध लिहून झाला की यांपैकी दोघीतिघींशी प्रत्यक्ष बोलावे. नेपाळी समजायला मराठी माणसाला फार वेळ लागत नाही.